शेळीची लस गाईला: गाठ आली म्हणजे लस लागली की फसली?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता):
लंपी या गुरांच्या गाठींच्या रोगावरचा एक मजकूर पुन्हा फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. ‘शेळ्यांच्या देवीची लस गाईला टोचून सरकारने वेळ मारून नेली. लस दिलेल्या गाईंच्या रक्तात प्रतिपिंडं सापडत नाहीत, म्हणजे बाटलीत पाणीच होतं. परदेशात नीथलिंग ही लंपीच्याच विषाणूची लस देतात, तिथं रोग संपला.’ तीनही वाक्यांत अर्धं सत्य आहे, आणि अर्ध्या सत्याला उत्तर देताना दमछाक होते. तरी लिहितो.

शेळ्यांची देवी, मेंढ्यांची देवी आणि लंपी हे तिन्ही विषाणू कॅप्रिपॉक्स गटातले. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती बाकीच्या दोघांनाही ओळखते. म्हणून उत्तरकाशी स्ट्रेनची लस गाईला शेळीपेक्षा वाढीव मात्रेत दिली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेरकडे रोग दिसला तेव्हा साठ्यात होती ती हीच. लंपीच्याच विषाणूपासून केलेली हिस्सार आणि इज्जतनगरच्या संशोधन संस्थांची लस १० ऑगस्ट २०२२ ला जाहीर झाली खरी, पण जाहीर झालेली लस दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फ्रीजमध्ये येत नसते.

आता प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. या गटातल्या विषाणूंशी लढाई बरीचशी पेशी लढतात. चाचणीत प्रतिपिंडं न दिसलेल्या गाईंना नंतर मुद्दाम रोगाचा विषाणू टोचला, तरी त्यांतल्या अनेक तगल्या, असे प्रयोग झालेले आहेत. रक्ताचा रिपोर्ट कोरा आला म्हणून गाय उघडी पडली असं होत नाही.

नीथलिंग जोरदार आहे, मान्य. इस्रायलमध्ये मेंढ्यांची आरएम-६५ लस दहापट मात्रेत गाईंना देऊन नीथलिंगशी तुलना केली, त्यात नीथलिंग सरस ठरली. पण ती गाईत नीट वाढते म्हणून टोचल्या जागी सूज, ताप, काही दिवस दूध कमी आणि काही जनावरांत अंगभर बारीक गाठी, हेही तिच्याबरोबर येतं. या गाठी वरवरच्या असतात आणि जिरतात. खऱ्या लंपीची गाठ कातडीच्या सगळ्या थरांतून खाली जाते, रक्तवाहिन्या सुजून बंद होतात, मधलं मांस मरतं आणि खपली पडली की खड्डा राहतो. शेळीच्या लसीने गाईला सहसा एवढा त्रास होत नाही, कारण तो विषाणू गाईत फारसा रुजत नाही. त्रास कमी आणि पकडही कमी. पण म्हणून ते पाणी नव्हे.

गोठा_फलटण:
डॉक्टर, तुमचं कॅप्रिपॉक्स असू द्या बाजूला. आमच्या खिल्लार बैलाला लस टोचली आणि आठवड्यात अंगभर गाठी, पुढचे दोन्ही पाय सुजले, बसला तो उठलाच नाही. चुलत्यानं लस घेतली नव्हती, त्याच्या गाई अजून दूध देतायत. आता बोला.

सूक्ष्मदर्शी:
दादा, वाईट झालं. पण संरक्षण पूर्ण उभं राहायला तीनेक आठवडे लागतात, आणि विषाणू शिरल्यापासून गाठी दिसायला एक ते चार आठवडे. आठवड्यात गाठी आल्या म्हणजे बहुधा लस टोचली तेव्हाच रोग अंगात होता.

गोठा_फलटण:
वा! जगला तर लसीनं जगवला, मेला तर रोग आधीच शिरला होता. असा धंदा आम्हाला पण शिकवा.

रावेरचा_पाटील:
फलटणकर, आमच्याकडं तर साथीची सुरुवातच झाली. बाधित गावापासून पाच किलोमीटरच्या आत टोचायचं ठरलं, पण गोमाशीला किलोमीटर कोण सांगणार? आणि २०२२ मध्ये भरपाई काय ठरली, तर बैलाचे २५ हजार. जोडीतला एक गेला की दुसऱ्याचं करायचं काय? गाईला ३०, वासराला १६. या पैशात आज बाजारात काय मिळतं ते मंत्रालयातल्या कुणी दावणीला येऊन सांगावं.

सूक्ष्मदर्शी:
पाटील, भरपाईचा वेगळा धागा काढा. इथं लसींची तुलना चाललीय.

रावेरचा_पाटील:
तुमची तुलना काचेखाली होते, आमची बाजारात. चालू द्या.

कडूनिंब:
देशी गाईला या टोचाटोचीची गरजच काय? विड्याची पानं, मिरी, मीठ, गूळ एकत्र वाटून चाटवा. मी आमच्या गीर गाईला दिलं, एक गाठ आली नाही. हे तर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेसुद्धा सांगितलं आहे.

सूक्ष्मदर्शी:
मंडळाने ते आजारी जनावराला आधार म्हणून सांगितलं होतं, लसीच्या जागी नव्हे. तुमच्या गाईला गाठ आली नाही, फलटणच्या चुलत्याच्या गाईलाही आली नाही. त्याने तर मिरीही वाटली नव्हती.

हडसन_किनारा:
मी न्यू जर्सीत असते. तुम्ही सगळे ‘गाठ जिरते’ असं किती सहज म्हणता! इथे मांजरांमध्ये टोचल्या जागी कर्करोगाची गाठ होते हे १९९१ पासून माहीत आहे. म्हणून रेबीजची लस उजव्या मागच्या पायात, शक्य तेवढी खाली देतात, म्हणजे वेळ आलीच तर पाय काढून जीव वाचवता येतो. आमच्या मांजरीच्या वेळी डॉक्टरांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की मी घरी येऊन रडले. तिकडे टोचल्यावर ती जागा पुन्हा कोणी बघतं तरी का?

सूक्ष्मदर्शी:
ताई, तो धोका फार क्वचितचा आहे आणि संशय मुख्यतः मृत विषाणूच्या लसींत परिणाम वाढवायला घालतात त्या सहायक द्रव्यावर, त्याने होणाऱ्या दीर्घकाळच्या दाहावर आहे. लंपीची लस जिवंत, तिच्यात असं द्रव्यच नसतं. गाईंच्या बाबतीत तुमच्या मुद्द्याच्या जवळ जाणारी लस म्हणजे लाळ्या-खुरकुताची तेलातली. तेल प्रतिजन, म्हणजे लसीतला प्रतिकारशक्ती जागी करणारा भाग, धरून ठेवतं, हळूहळू सोडतं, म्हणून जुन्या जेलच्या लसीपेक्षा प्रतिकारशक्ती जास्त टिकते. पण त्या तेलाभोवती पेशी गोळा होऊन स्नायूत घट्ट गाठ बनते आणि ती महिनोन्‌महिने राहू शकते.

गोठा_फलटण:
आत्ता आलात मुद्द्यावर! ती गाठ नेमकी मानेवर येते, जू बसतं तिथंच. नांगराला धरला की घासून जखम, मग माशा, मग अळ्या. हे तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे?

पदविका_पण_कामाचा:
दादा, ती गाठ सगळी तेलाची नसते. घाणेरड्या सुईचीही असते. मी पशुधन पर्यवेक्षक आहे, सांगतो. लसीचं खोकं येतं, बर्फ येतो, सुया मात्र मोजून. मग एकच सुई अख्ख्या आळीला. एका गाईच्या कातडीतला जंतू पुढच्या गाईत. आणि लंपीच्या साथीत तर तीच सुई रोग पसरवू शकते. कुठली लस सरस यावर डोकं फोडून घेण्याआधी कुणी सुई बघितली का?

हडसन_किनारा:
एकच सुई? अख्ख्या आळीला?? आणि हे तुम्ही इतकं उघड लिहिताय?

पशुवैद्य_विदर्भ:
म्हणूनच म्हणतो, लसीकरण पदवीधर पशुवैद्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात कलम ३० मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. पदविकावाल्यांनी स्वतंत्र दवाखाने थाटायचे आणि मग सुया मोजून येतात म्हणून रडायचं.

पदविका_पण_कामाचा:
देखरेख? साहेब, तुमच्या किती जागा रिकाम्या आहेत ते आधी सांगा. साथीत चिखलातून वस्तीवर कोण गेलं? लाथा कोणी खाल्ल्या? तुम्ही आलात ते फोटोला.

पशुवैद्य_विदर्भ:
वैयक्तिक होऊ नका. माझीही बोटं मोडलीत गाईच्या लाथेनं.

पदविका_पण_कामाचा:
मग सही करताना दुखत असतील.

सूक्ष्मदर्शी:
अहो, तुम्ही दोघं थांबा जरा. सुईचा मुद्दा मात्र घेतो, तो लसीच्या तुलनेतही येतो. टोचल्या जागी आलेली सूज लसीच्या विषाणूची, तेलाची की पू झालेली, हे न बघता ‘अमुक लसीने गाठी आल्या’ अशी नोंद झाली तर त्या तुलनेला अर्थ नाही. आणि अंगभर गाठी आल्या तर त्यांतला विषाणू लसीचा की खऱ्या रोगाचा, हे पीसीआरने वेगळं काढता येतं. ‘परदेशात रोग संपला’ म्हणणाऱ्यांनी एवढंही बघावं की बाल्कन देशांत २०१६-१७ मध्ये नीथलिंग सरसकट टोचली, आणि त्याबरोबर बाधित कळपांतली जनावरं मारलीही. ते इथं कोण करू देईल?

कडूनिंब:
म्हणजे गाई मारा म्हणताय? हेच ऐकायचं बाकी होतं.

रावेरचा_पाटील:
ओ कडूनिंब, ते तसं म्हणत नाहीत. पुन्हा वाचा. तुमच्या मिरीपेक्षा मला त्यांचं पटतंय, आणि हे लिहिताना माझ्या जिवावर येतंय.

गोठा_फलटण:
पटण्याचं राहू द्या. पुढल्या वेळेला मी बाटली बघणार, कुठली लस ते विचारणार, जू बसतं ती जागा सोडून टोचायला लावणार आणि सुई डोळ्यांदेखत बदलायला लावणार. तेवढं झालं तर दावं धरीन. चुलत्याला पण आणीन.

पदविका_पण_कामाचा:
या की दादा. येताना मेडिकलमधून सुया तेवढ्या घेऊन या, अठरा नंबरच्या. साहेब सही करून देतील.