घरी कोणी नसताना सहीचे टपाल कसे घ्यावे?

प्रश्न (धायरी)
आम्ही पती-पत्नी दोघेही हिंजवडीला नोकरीस असल्याने सकाळी ८ ते रात्री ८ घराला कुलूप असते. माझा पासपोर्ट स्पीड पोस्टाने निघाल्याचा संदेश आला होता. काल दाराच्या कडीत पोस्टाची चिठ्ठी अडकवलेली दिसली आणि तिच्यावर 'दार बंद' एवढाच शेरा होता. सोसायटीचा रखवालदार पाकीट ठेवून घ्यायला तयार असतानाही पोस्टमनने ते दिले नाही. शेजारच्या काकूंना अधिकारपत्र लिहून दिले तर चालेल का?

उत्तर (कोथरूड)
इतर टपालासाठी अधिकारपत्राचा उपयोग होतो, पासपोर्टसाठी नाही. पासपोर्ट ओळखपत्र पाहून अर्जदाराच्याच हाती दिला जातो, त्यामुळे पोस्टमनने केले ते योग्यच केले, असे मला मनापासून वाटते. आपण चिठ्ठी आणि मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः पोस्टात जावे, आणि तेही लगेच, कारण पाकीट तेथे साधारण ७ दिवसच ठेवतात. त्यानंतर ते बाणेरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे परत गेले, तर तेथे खेटे घालावे लागतील. चिठ्ठी हरवली तरी संदेशातला १३ अक्षरी क्रमांक, ज्याच्या शेवटी 'आयएन' असते, जपून ठेवावा.

उत्तर (सदाशिव पेठ)
मी वकिली करते, म्हणून थोडे विषयाला जोडूनच सांगते. नोटिशीच्या भीतीने अशी चिठ्ठी मुद्दाम पडू देणारे पक्षकार माझ्याकडे येतात, आणि त्यांची समजूत अशी असते की सही केली नाही म्हणजे नोटीस मिळालीच नाही. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस पोहोचली असेच कायदा गृहीत धरतो. धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हेच स्पष्ट केले आहे. त्या नोटिशीनंतर पैसे भरायला अवघे १५ दिवस मिळतात. पाकीट न उघडता ते दिवस निघून गेलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी मग फार काही करता येत नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा पाकिटावर 'रजिस्टर्ड' लिहिलेले नाही म्हणून ते साधे समजू नये.

प्रश्नकर्ता (धायरी)
आपणा दोघांचा आभारी आहे. आज अर्धी रजा टाकून पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी आधार कार्डावरचा फोटो दोनदा निरखून पाहिला, माझी सही घेतली आणि पाकीट हातात दिले. बँकेचे नवे कार्ड यायचे आहे, त्यासाठी शाखेत कार्यालयाचा पत्ता नोंदवून आलो आहे.