कार्यालयातील जुना संगणक सीडीवरून सुरू होत नाही : मदत हवी आहे

सचिव, ब-३०४ : सर्व सभासदांना नमस्कार. मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून घेण्याच्या कामासाठी सदनिकांची जुनी हस्तांतरणे पडताळायची आहेत. त्यासाठी लागणारे २००४ ते २०१३ या काळातील सभावृत्तांत आणि सभासद नोंदवहीची टंकलिखित प्रत फक्त कार्यालयातील जुन्या पेन्टियम ४ संगणकात आहे. तो सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ एवढीच ओळ येते आणि विंडोज एक्सपी उघडत नाही. माझ्या पुतण्याने लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीची, डिस्क करून दिली. ती घालून पाहिली, तरी तीच ओळ येते. कोणाला यातले काही कळत असल्यास कृपया सांगावे.

अ-४०१ : साहेब, एक्सपीचा आधार कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबवला आहे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बोलवा, तो फॉरमॅट करून तासाभरात नवी विंडोज टाकून देईल.

क-१०३ : दादा, कृपया फॉरमॅट हा शब्द या संगणकाच्या आसपास कोणी उच्चारू नये. आपल्याला संगणक नको आहे, त्यातली कागदपत्रे हवी आहेत. एनटीएलडीआर ही विंडोज सुरू करून देणारी एक छोटी फाइल आहे. ती सापडत नाही याचा अर्थ बाकीच्या फाइल गेल्या असा मुळीच होत नाही. मी बरीच वर्षे एमएस-सीआयटीचे वर्ग घेतले असल्याने असले संगणक पुष्कळ हाताळले आहेत. सचिव साहेब, मला तीन गोष्टी पाहून सांगाल का? संगणक सुरू करताना पहिल्या पडद्यावर आणखी काही संदेश येतो का, आत दाखवलेली तारीख कोणती आहे, आणि पुतण्याने दिलेली डिस्क तुमच्या घरच्या लॅपटॉपमध्ये उघडली तर तीत अनेक फोल्डर दिसतात की एकच मोठी फाइल दिसते? शिवाय हार्ड डिस्कमधून खट्खट् असा आवाज येत असेल, तर पुढे काहीही न करता मला आधी कळवावे.

सचिव, ब-३०४ : ताई, आवाज नेहमीसारखाच बारीक घरघर असा आहे. पहिल्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असे येते आणि एफ-वन दाबल्याशिवाय ते पुढे जात नाही. तारीख १ जानेवारी २००२ दाखवतो. डिस्कमध्ये एकच फाइल आहे आणि तिच्या नावाच्या शेवटी आयएसओ असे लिहिले आहे.

क-१०३ : मग दोन दोष तर इथेच सापडले. पहिला डिस्कचा. सीडीवरून संगणक सुरू करण्याची जी पद्धत १९९५ मध्ये ठरली, तिचे नाव एल टोरिटो. या पद्धतीत बायोस, म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणारा त्याच्यातलाच छोटा प्रोग्राम, डिस्कवरील एका ठराविक जागी, शून्यापासून मोजल्यास सतराव्या सेक्टरमध्ये, ‘इथून सुरुवात करा’ अशी नोंद शोधतो आणि ती सापडली तरच पुढे जातो. आयएसओ फाइल म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा, तिच्या पोटात ही नोंद असते. परंतु ती फाइल गाण्याच्या फाइलसारखी डिस्कवर नुसती कॉपी केली, तर नोंद फाइलच्या आतच राहते आणि डिस्कवर तिच्या जागी येत नाही. बायोसला काही सापडत नाही, म्हणून तो मुकाट्याने हार्ड डिस्ककडे वळतो आणि तुम्हाला पुन्हा तीच ओळ दिसते. पुतण्याला सांगा की फाइल कॉपी न करता ‘बर्न डिस्क इमेज’ हा पर्याय वापरायचा.

क-१०३ : दुसरा दोष मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किटवरच्या सेलचा. रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा, सीआर-२०३२ क्रमांकाचा ३ व्होल्टचा तो सेल वीज नसताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळतो. तो संपला की प्रत्येक वेळी सेटिंग मूळपदावर येते, आणि आपल्या बोर्डवर सुरुवात कुठून करायची याच्या मूळ क्रमात सीडीऐवजी हार्ड डिस्क पहिली असणार.

ड-२०२ : ताई, मला याचाच उलगडा होत नव्हता. मागील महिन्यात मी स्वतः डिलीट कळ दाबून बायोसमध्ये गेलो होतो, सीडीला पहिला क्रमांक दिला होता, एफ-टेन दाबून जतनही केले होते. सायंकाळी दोनदा बंद-चालू करून पाहिले, तेव्हा क्रम टिकला होता. सकाळी मात्र पुन्हा पूर्ववत! मला वाटले की माझ्याकडूनच काही राहिले.

क-१०३ : काका, तुमचे काही चुकले नव्हते. संगणक बंद असला तरी पिन भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात असेपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज देत राहतो, त्यामुळे संपलेल्या सेलची उणीव सायंकाळी जाणवली नाही. आपला वॉचमन रात्री कार्यालयाचा मेन स्विच बंद करतो, आणि तेवढ्यात सगळे पुसले जाते. त्याला बोलू नका. मेन बंद ठेवण्याचा ठराव आपणच केला आहे.

अ-४०१ : फॉरमॅटचा सल्ला मी मागे घेतो. पण एवढ्या खटपटीपेक्षा पेन ड्राइव्हवरून सुरू केले तर?

क-१०३ : त्या काळच्या पुष्कळ बोर्डांवर तो पर्याय यादीत दिसतो, पण पेन ड्राइव्ह पकडेलच याचा भरवसा नसतो. खरा सोपा मार्ग वेगळा आहे : हार्ड डिस्क काढून अडॅप्टरने लॅपटॉपला जोडणे. मात्र आपली डिस्क रुंद पट्टीच्या केबलची, ४० पिनांची आयडीई आहे आणि तिला १२ व्होल्टही लागतात, म्हणजे स्वतंत्र वीजजोडणी असलेलाच अडॅप्टर हवा. लॅमिंग्टन रोडला तो मिळेल. पण दहा रुपयांच्या सीडीने काम होत असेल तर आधी ते करून पाहू.

सचिव, ब-३०४ : पुतण्या म्हणतो की त्याची फाइल सुमारे २ जीबीची आहे, म्हणून त्याने डीव्हीडी वापरली होती.

क-१०३ : मग तिसराही दोष निघाला! त्या संगणकाचा ड्राइव्ह मी पाहिला आहे. त्याच्या तोंडावर फक्त कॉम्पॅक्ट डिस्कची खूण आणि ५२ एक्स असे लिहिलेले आहे. तो डीव्हीडी वाचूच शकत नाही. सीडीत ७०० एमबी मावतात, तेव्हा त्याहून लहान आणि ३२ बिटचीच आवृत्ती हवी. पपी लिनक्सच्या जुन्या ३२ बिट आवृत्त्या सीडीत सहज बसतात आणि आपल्या ५१२ एमबी रॅमलाही झेपतात. ६४ बिटची आणलीत, तर हा प्रोसेसर आपल्याला चालणार नाही असे ती सुरुवातीलाच सांगून थांबेल. रविवारी सकाळी दहा वाजता मी कार्यालयात येते. नवा सेल कोणीतरी आणावा.

(रविवार, दुपार)

ड-२०२ : सेल मी बसवला, वेळ आणि तारीख नीट लावली आणि सीडीला पहिला क्रमांक दिला. तरीही नव्याने केलेली पहिली सीडी चालली नाही. ड्राइव्हचा दिवा बराच वेळ लुकलुकला, आत डिस्क फिरत-थांबत राहिली आणि शेवटी पुन्हा एनटीएलडीआरच आले. मी केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, त्यानेही फरक पडला नाही.

क-१०३ : कारण ती पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू होती. साध्या सीडी-आरच्या मानाने तिच्यावरून लेझरचा प्रकाश फारच कमी परततो आणि वीस वर्षे धूळ खाल्लेल्या लेन्सला तेवढा पुरत नाही. लेन्स कोरड्या कापसाच्या काडीने अगदी हलक्या हाताने पुसली, पुतण्याने लॅपटॉपवर तीच इमेज साध्या सीडी-आरवर कमी वेगाने उतरवली आणि उतरवल्यानंतर पडताळणीही केली. ती डिस्क पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. पडद्यावर डेस्कटॉप आला तेव्हा वॉचमननेही टाळ्या वाजवल्या, हे इतिवृत्तात घ्यायला हरकत नाही.

सचिव, ब-३०४ : ताईंनी हार्ड डिस्क ‘फक्त वाचन’ या पद्धतीने जोडली, त्यामुळे तिच्यावर काहीही लिहिले गेले नाही. सोसायटी नावाचे संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर आले आहे. परंतु घरी सभावृत्तांत उघडला, तर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल बिघडल्या की काय?

क-१०३ : बिघडलेल्या नाहीत. तेव्हा आपले टंकलेखन युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, होत नव्हते. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला फॉन्ट वापरला जाई. तो फॉन्ट लॅपटॉपमध्ये नाही, म्हणून मूळ रोमन चिन्हे दिसतात. विंडोज फोल्डरमधले फॉन्ट्स हे फोल्डरही उचलायला हवे होते, ते माझ्या ध्यानातून गेले. सीडी अजून ड्राइव्हमध्येच आहे ना?

सचिव, ब-३०४ : आहे. संगणकही चालूच ठेवला आहे.

क-१०३ : मग मी पाच मिनिटांत खाली येते. काका, तुमच्याकडचा पेन ड्राइव्हही आणा, म्हणजे दुसरी प्रत आत्ताच होऊन जाईल.

ड-२०२ : निघालो. सेलची पावती खजिनदारांच्या पेटीत टाकली आहे.