अमेरिकेत इमिग्रेशन अंमलबजावणीला अनेक वर्षांचा निधी: विधेयकात आधी काय वाचायचं?

जिज्ञासू
आयसीई (अमेरिकेची इमिग्रेशन अंमलबजावणी संस्था) आणि सीमा सुरक्षेसाठी, सरकारी खात्यांना दरवर्षी निधी देणाऱ्या वार्षिक विनियोजन विधेयकाच्या बाहेर, एकदम काही वर्षांचे पैसे देण्याचे प्रस्ताव येतात. २०२५ चा 'वन बिग ब्यूटिफुल बिल' कायदा त्याच जातीचा. असा मसुदा हातात आला तर सुरुवात कुठून करावी? आणि वार्षिक विधेयक अडकलं तर आयसीईचं काम थांबतं का?

खतावणी
रकमेआधी मुदत बघा. २०२५ च्या कायद्यात स्थानबद्धता केंद्रांना ४५ अब्ज डॉलर, आयसीईच्या कारवाईला साधारण ३० अब्ज आणि सीमेवरच्या भिंतीला ४६.५ अब्ज आहेत. मुदत ३० सप्टेंबर २०२९. ही तारीख पैसे संपवण्याची नाही, बांधील करण्याची आहे. तोवर करार झाला पाहिजे. त्याची बिलं पुढची पाच वर्षं चुकती करता येतात, मग खातं बंद होतं. मसुद्यात 'खर्च होईपर्यंत उपलब्ध' असं लिहिलं असेल तर मुदतच नाही.

आयसीईचं नेहमीचं वार्षिक बजेट १० अब्जांच्या आसपास असतं, त्यावरून या आकड्यांचं वजन कळेल. शटडाउनमध्ये, म्हणजे वार्षिक निधी मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज बंद पडतं तेव्हा, अंमलबजावणीचे कर्मचारी तसेही कामावर राहतात, पण पगार अडकतो. असा वेगळा निधी हाताशी असला की पगारही देता येतो. म्हणजे काम थांबत नाही, आणि काँग्रेसच्या (अमेरिकेच्या संसदेच्या) हातातला दबाव मात्र जातो.

कलम७
मार्ग कोणता तेही तपासा. साधं विनियोजन विधेयक सिनेटमध्ये ६० मतांशिवाय पुढे सरकत नाही. रिकन्सिलिएशन या अर्थसंकल्पी विधेयकांसाठीच्या खास प्रक्रियेला साधं बहुमत पुरतं. २०२५ चा कायदा याच मार्गाने आला. २०२५ मध्ये सिनेटमध्ये ५०-५० झाल्यावर उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने विधेयक मंजूर झालं. पण तिथे बर्ड नियम आडवा येतो: ज्या तरतुदीचा अर्थसंकल्पावरचा परिणाम निव्वळ आनुषंगिक, ती हरकत घेतल्यास गळते. म्हणून अशा विधेयकात पैसे आणि फी भरपूर, अटी कमी.

माझ्या मते खरी अडचण याच अटींची आहे. वार्षिक कायद्यात 'या कायद्याने दिलेला कोणताही निधी अमुक कामासाठी वापरता येणार नाही' अशी कलमं असतात. काँग्रेस सदस्यांना स्थानबद्धता केंद्रात जाण्यापासून रोखू नये, हे त्यातलंच एक. 'या कायद्याने' हे शब्द नीट वाचा. खर्च दुसऱ्या कायद्याच्या पैशांतून झाला, तर ती अट लागू नाही असा युक्तिवाद करायला सरकारला जागा मिळते. नव्या प्रस्तावात देखरेखीची अट त्याच निधीला जोडलेली आहे का, हे मी सर्वांत आधी बघेन.

सरळरेघ
आणखी एक. निधी एकरकमी, पण पगार आणि निवृत्तिवेतन कायमचं. २०२९ नंतर वाढलेल्या मनुष्यबळाचा भार वार्षिक बजेटवरच पडणार. शिवाय साखळी असमान आहे: त्याच कायद्याने इमिग्रेशन न्यायाधीशांची संख्या १ नोव्हेंबर २०२८ पासून ८०० वर मर्यादित केली. स्थानबद्धता केंद्रांतल्या खाटा वाढल्या आणि सुनावण्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, तर माणसं आत जास्त दिवस राहतात आणि प्रत्येक दिवसाचा खर्च वाढत जातो.

जिज्ञासू
पुढची काँग्रेस हे पैसे परत घेऊ शकते का?

खतावणी
बांधील न झालेले घेऊ शकते, पण त्यासाठी नवा कायदा लागतो. राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. झालेल्या करारांचे पैसे मात्र द्यावेच लागतात. करार मुदतीआधी मोडला तरी कंत्राटदाराची भरपाई सरकारच्याच अंगावर येते.