मदत हवी आहे: पश्चिमेच्या भिंतीला ओल, जिप्सम बोर्ड लावायचा की जुना गिलावा काढून नवा करायचा?

नमस्कार मंडळी,

गोरेगावात जुन्या, बिनलिफ्टच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. आईच्या खोलीची भिंत पश्चिमेला, समोर कसलाच आडोसा नाही. नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन थेट तिच्यावर येतो. यंदा जुलैत खिडकीखाली रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटले. गणपती झाल्यावर कपाट ओढून पाहिलं तर मागे बुरशीचा काळा पट्टा. आईला दमा आहे, त्यामुळे हे असंच ठेवून चालणार नाही.

जाणकारांना अंदाज यावा म्हणून भिंत नीट सांगते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग उतरलीय, नख जेमतेम जाईल एवढी. तिच्या आसपास पत्र्याने पुट्टी खरवडली की पापुद्रे निघतात आणि मागे पांढरी, चिमटीत भुरभुरणारी पूड हाताला लागते. लोणा लागलाय हे नक्की. खालचा सिमेंटचा गिलावा ठोकला तर काही ठिकाणी खणखणीत वाजतो, काही ठिकाणी बद्द. वर बीम आणि विटांची भिंत मिळते तिथे टोकापासून टोकापर्यंत एक आडवी चीर आहे, पण ती कोरडी आहे. आणि बाथरूमला लागून असलेला कोपरा जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत दमट आहे. हा कोपरा एप्रिलमध्येसुद्धा असाच होता, म्हणून हे पावसाचं पाणी नसावं असं वाटतं.

एका इंटिरियरवाल्याचं म्हणणं, तोडफोड नकोच, जीआय (जस्त चढवलेल्या पत्र्याचे) चॅनल मारून पुढे जिप्सम बोर्ड लावू, दोन दिवसांत भिंत नवी. रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफ पुट्टीचे दोन हात पुरेत. मला दोन्ही पटत नाहीये, कारण दोघांनीही पाणी येतंय कुठून हे विचारलंच नाही.

काम शक्यतो मला स्वतः करायचंय. रंगकाम आणि टाइल्सचं ग्राउट भरणं मी करते; थापी, रंधा, गुरमाळा, ओळंबा घरात आहे. भिंतीचा गिलावा मात्र कधी केलेला नाही. तर सुरुवात कुठून करू? गिलावा किती काढू? नवा सिमेंटचा करू की जिप्समचा? आणि यातलं काय दिवाळीआधी होण्यासारखं आहे?

ओळंबा:

ताई, बोर्ड अजिबात लावू नका. जिप्सम बोर्डाच्या दोन्ही अंगांना कागद असतो आणि दमट कागदावर बुरशी झपाट्याने धरते. बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळत नाही, त्यामुळे मागे काय चाललंय ते वास यायला लागेपर्यंत कळणारही नाही. घरात दम्याचं माणूस असताना तर नकोच. हिरव्या रंगाचा बोर्ड मिळतो, तो हवेतल्या दमटपणाला टिकतो. मागच्या भिंतीतून येणारं पाणी तो अडवत नाही. जिप्समचा गिलावाही या भिंतीवर नको, पाणी लागत राहिलं की तो मऊ पडून सुटतो.

तुमच्या वर्णनावरून तीन जागांची तीन वेगळी कारणं दिसतात. वरची आडवी चीर सगळ्यात सोपी. काँक्रीटचा बीम आणि विटा ऊन-पावसात सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, म्हणून सांध्यावर चीर पडते. ती छिन्नीने व्ही आकारात उघडा, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा आणि सांध्याच्या वर-खाली सहा-सहा इंच येईल अशी कोंबडीजाळी खिळ्यांनी ताणून बसवा. मग त्यावर गिलावा. जाळी सैल राहिली तर गिलावा तिथेच पोकळ होतो.

खिडकीची ओल बाहेरून येतेय. चौकट आणि भिंत यांच्यातली फट, बाहेरच्या अंगाला नसलेला उतार, छज्जा भिंतीला मिळतो तो सांधा, आणि बाहेरच्या गिलाव्यातली भेग, एवढं बघायला हवं. चौकटीची फट तुम्ही आतून सीलंटने भरू शकता. बाकीचं काम परांची बांधून किंवा दोरावर उतरणाऱ्या माणसांकडूनच करून घ्यायचं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वाकून काही करायला जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

कोपऱ्यासाठी आधी चाचणी करा. बाथरूमच्या नहाणीचं तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करून इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि 24 तास ठेवा. खोलीच्या भिंतीवर पुसून कोरड्या केलेल्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या अंगाला जमले तर ओल आतून येतेय. खोलीकडच्या अंगाला जमले तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय.

सातबंगला:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. जोड एवढीच की बाहेरच्या कामाचा खर्च तुम्ही एकटीने उचलू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती दुरुस्त करणं सोसायटीच्या खर्चात येतं. फोटो जोडून सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. बाथरूममधली गळती मात्र ज्याची त्याने करायची असते.

आणखी एक. गिलावा काढताना बीम किंवा कॉलमवर तांबूस डाग, गंजलेली सळई दिसली तर हात तिथेच थांबवा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यावर गिलावा थापून उपयोग नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअरलाच दाखवा.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. चाचणी केली. पाणी पेन्सिलच्या खुणेच्या बोटभर खाली गेलं आणि खोलीतल्या कोपऱ्यातलं स्कर्टिंग आणखी गडद झालं. म्हणजे कोपऱ्याची ओल आमच्याच नहाणीची आहे. प्लॅस्टिकवर थेंब भिंतीच्या अंगाला होते. बद्द वाजणारा सगळा भाग छिन्नीने काढला, खाली विटा लागल्या, गंज कुठे नाही. सोसायटीला पत्र दिलंय, पोच घेतलीय. आता गिलावा लगेच करू का?

ओळंबा:

गंज नाही हे फार चांगलं झालं. पण गिलाव्याची घाई करू नका. आधी प्लंबरकडून नहाणीच्या ट्रॅपचा (पाणी जाण्याच्या तोंडाखालच्या भांड्याचा) सांधा आणि फरशीच्या फटी करून घ्या, मग तीच पाण्याची चाचणी पुन्हा करा. पातळी हलली नाही तरच पुढे जा. विटा तोपर्यंत उघड्या राहू द्या, पंखा चालू ठेवा. मुंबईतून पाऊस परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे. त्यानंतरची कोरडी हवा आणि ऊन भिंत सुकवायला सगळ्यात उपयोगी. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत विटेत जातात.

भिंत सुकली की गिलाव्याआधी विटांचे सांधे थोडे कोरून घ्या, पृष्ठभाग हलका ओला करा. माल एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू; वाळू चाळलेली. त्यात वॉटरप्रूफिंगचं द्रावण डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. बहुतेक द्रावणांना सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 200 मिली लागतं, जास्त घातलं म्हणून जास्त चांगलं होत नाही. थर 12 ते 15 मिमीचा. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा, आणि घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरू नका. पहिल्यांदा करताय तर कपाटामागच्या भागापासून सुरू करा, हात बसेपर्यंतचं काम तिथे झाकलं जाईल. पुढे निदान सात दिवस रोज पाणी मारायचं.

पुट्टी आणि रंग मात्र दिवाळीआधी नको. नवा गिलावा साधारण चार आठवडे सुकू द्यावा लागतो, आणि बाहेरच्या भेगा सोसायटीने भरल्याशिवाय खिडकीखाली रंग टिकणार नाही. दिवाळीला भिंत करडी राहिली तरी हरकत नाही. तोपर्यंत आईंचा पलंग दुसऱ्या खोलीत हलवा, आणि बुरशी घासताना तुम्ही स्वतः मास्क लावा, खोलीचं दार बंद ठेवा. सोसायटीकडून काय उत्तर आलं ते इथे कळवा. परांची बांधली की बाहेरच्या कामात कुठे-कुठे उभं राहून बघायचं ते सविस्तर लिहीन.