चावी काढली तरी जनरेटर चालूच! अर्जंट मदत हवी आहे

दहिसरचा_सेक्रेटरी
मंडळी, सोसायटीचा डिझेल जनरेटर स्विच ऑफ केला तरी बंद होत नाही, चावी काढून खिशात घातली तरी मशीन आपलं धडधडतंय. कधी होतो बंद, कधी नाही. मेकॅनिक म्हणतो इंजिनाचा डिझेल पंप उतरवावा लागेल आणि खर्च ऐकून मलाच घाम फुटला. उद्या कमिटीची मीटिंग आहे, तिथे सगळे मलाच झोडणार. पंप गेलाय का, एवढंच सांगा.

गॅरेजकाका
किती केव्हीए, म्हणजे ताकद किती? टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) आहे का? धूर कुठल्या रंगाचा? बंद होत नाही म्हणजे दोन सेकंद जास्त चालतो की चालतच राहतो? शेवटी थांबवता कसा? काहीच न सांगता "पंप गेलाय का" विचारलंत तर आम्ही काय पंचांग बघून सांगणार?

मी_पार्लेकर
माझ्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीला सेम व्हायचं, चावी काढली की फटफट करत राहायची. आत कार्बन साचून लाल होतो. प्लग बदला, चांगलं पेट्रोल टाका.

गॅरेजकाका
अहो पार्लेकर, धागा डिझेलचा आहे. त्यात स्पार्क प्लग असतो का? हवा दाबली की तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. म्हणून नुसता करंट तोडून ते थांबत नाही, डिझेलच तोडावं लागतं.

मी_पार्लेकर
मी फक्त अनुभव सांगितला. आणि मुंबईत लाइट जातेच कुठे? जनरेटर हवाय कशाला?

लिफ्टमध्ये_अडकलेला
१२ ऑक्टोबर २०२० विसरलात वाटतं. लोकलपासून सगळं ठप्प होतं तेव्हा. आमच्याकडे जनरेटर नव्हता, आजीला सात मजले चढवलं.

दहिसरचा_सेक्रेटरी
२५ केव्हीए, टर्बो नाही, धूर नेहमीसारखाच. चालतच राहतो. मग वॉचमन पंपावरची लिव्हर ओढून धरतो तेव्हा थांबतो. आता सांगा.

गॅरेजकाका
हे आधी बोलायचं ना राव! लिव्हर ओढल्यावर थांबतो म्हणजे पंप डिझेल व्यवस्थित तोडतोय. इंजिन स्वतःचं ऑइल जाळत असतं, म्हणजे टर्बोचं सील गेलंय किंवा खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये ऑइल जास्त भरलंय, तर लिव्हरने काही झालं नसतं, उलट निळा धूर सोडत रेस वाढत गेली असती. तशा वेळी जवळ उभं राहू नये, जमलंच तर हवेच्या तोंडावर फळी दाबायची, हात अजिबात नाही. तुमचं तसं नाही. मेकॅनिकला चहा पाजून घरी पाठवा.

वेसाव्याचा_तांडेल
आमच्या बोटीला सोलेनॉइडची, म्हणजे करंटवर डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याची भानगडच नाय. केबल खेचली, मशीन बंद. तुम्ही पण केबल टाका. नायतर डिझेलचा कॉक बंद करा.

गॅरेजकाका
कॉक बंद केला की पाइपातलं डिझेल संपेपर्यंत चालणार आणि वर एअर धरणार. मग पुढच्या वेळी स्टार्ट करायला एअर काढत बसा, वर लिफ्टमध्ये माणसं बोंबलतायत. आणि तांडेल, बोटीवर तुम्ही मशीनशेजारी असता. इथे ऑइल प्रेशर पडलं किंवा इंजिन तापलं तर पॅनेलनेच बंद करायला हवं, ते सोलेनॉइडवाचून कसं होणार?

वेसाव्याचा_तांडेल
वॉचमन पगार कशाचा घेतो मग?

परळचा_वायरमन
भांडण नंतर करा. सोलेनॉइड दोन प्रकारचे. एकाला करंट असेपर्यंत इंजिन चालतं, दुसऱ्याला करंट दिला की बंद होतं. तुमचा बहुतेक पहिला. पुढच्या वेळी थांबला नाही की पंपाजवळ सोलेनॉइडची वायर काढा. लगेच बंद झाला तर मागून कुठून तरी करंट येतोय. नाही झाला तर आतला प्लंजर, म्हणजे सरकणारा दांडा, अडकलाय. वायर काढताना पंख्याच्या पट्ट्यापासून लांब राहा. आणि मशीन बंद असताना सोलेनॉइडला हात लावा, गरम लागतो का? शिवाय नक्की कधी बंद होत नाही तेही बघा, लाइट आल्यानंतर का?

दहिसरचा_सेक्रेटरी
वायरमनसाहेब, कमाल! वायर काढली, जागच्या जागी बंद. आणि मशीन रात्रभर बंद होतं तरी सकाळी सोलेनॉइड कोमट होता, पॅनेलवरचा छोटा दिवा पण मिणमिणत होता. लाइट यायच्या आत स्विच ऑफ केला तर होतो बंद. हे काय प्रकरण आहे?

परळचा_वायरमन
बॅटरीला नवीन चार्जर लावलाय का? आणि तरी बॅटरी उतरते का?

दहिसरचा_सेक्रेटरी
हो! गणपतीच्या आधी इलेक्ट्रिशियनने बसवला. बॅटरीची बोंब तेव्हापासूनच आहे, त्याचं वेगळं कोटेशन मागवलंय. तुम्हाला कसं कळलं??

परळचा_वायरमन
चार्जरची प्लस वायर त्याने बॅटरीऐवजी चावीच्या पुढे, सोलेनॉइडच्या बाजूला जोडलीय. लाइट असली की चार्जर चालू, तो चावी बंद असतानाही सोलेनॉइड धरून ठेवतो. आणि चावी बंद म्हणजे बॅटरीचा रस्ता तुटला, मग ती चार्ज कशी होणार? ती वायर फ्यूज टाकून थेट बॅटरीच्या प्लसला न्या. सोलेनॉइड आणि बॅटरी दोन्ही आत्ता बदलू नका.

दहिसरचा_सेक्रेटरी
वायर हलवली, लाइट असताना चालू करून बंद केला, पहिल्या झटक्यात थांबला. बॅटरी उद्यापर्यंत बघतो. इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाहीये.

लिफ्टमध्ये_अडकलेला
फ्यूज, लग (वायरच्या टोकाला लावतात ते) वगैरे लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारातून आणा, नाक्यावर लुटतात.

मी_पार्लेकर
एक प्रश्न, हळदीसाठी जनरेटर भाड्याने घ्यायचाय, साउंड आणि लाइटिंगला किती केव्हीए लागेल?

गॅरेजकाका
पार्लेकर, तुमच्याकडे लाइट जात नाही ना?