शिकारीचं धनुष्य सरावाला घ्यावं का?

सत्तरीकर
नमस्कार. वाळपईजवळ आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. पावसाळा संपल्यापासून दर रविवारी फोंड्याला तिरंदाजी शिकायला जातो. तिथलं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, २० पौंडांचं आहे, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागतो. १८ मीटरवर बाण आता बहुतेक निळ्या-लाल वर्तुळांत बसतात. स्वतःचं धनुष्य घ्यायचं मनात आहे. माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, तिकडे धनुष्याने हरणांची शिकार करतो. तो म्हणतो, ७० पौंडांचं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, चतुर्थीला येताना आणतो, सरावही होईल आणि रानडुकरांचा बंदोबस्तही. डुकरांनी यंदा सुरण पार उकरून टाकलाय. आजोबांच्या वेळी गावात शिकार व्हायचीच. घ्यावं का? ७० पौंड मला झेपेल?

काणकोणचा बागायतदार
भाई, डुकराचं आधी सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर येतं. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आदेशाशिवाय त्याला मारणं सोडाच, जखमी करणं किंवा मारायचा प्रयत्न करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या उशाला म्हादई अभयारण्य आहे, तिथे तर आणखी कडक. नुकसानीचे फोटो काढून वाळपईच्या कृषी कार्यालयात जा, भरपाईचं विचारा. सौर कुंपणाच्या अनुदानाचंही तिथेच विचारा.

फोंड्याची तिरंदाज
वरचं अगदी बरोबर, म्हणून मी फक्त धनुष्याबद्दल लिहिते. मी मुलांना शिकवते आणि हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे.

७० पौंड नको. कंपाउंडच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर वजन उतरतं. ८० टक्के उतरलं तर हातात १४ पौंडच राहतात, म्हणून ते सोपं वाटतं. पण तिथवर पोचायला आधी पूर्ण ७० पौंड ओढावे लागतात. २० पौंडांवर तयार झालेला खांदा तिथे दुखावतो. परीक्षा सोपी आहे. खुर्चीत बसा, पाय जमिनीवरून उचला, धनुष्य आभाळाकडे न उचलता सावकाश ओढा. जमलं नाही तर ते तुमच्यासाठी जड आहे.

तिकडच्या शिकाऱ्यांनाही हरणासाठी ७० लागत नाहीत. अमेरिकेत अनेक राज्यांनी किमान ३५-४० पौंडांची अट घातली आहे. धारदार पात्याचा बाण फुप्फुसातून गेला की रक्तस्रावाने जनावर लवकर पडतं. तोच बाण पोटात लागला तर ते तासन्‌तास तडफडत कुठेतरी झाडीत मरतं. म्हणूनच तिकडचे जबाबदार शिकारी वर्षभर टार्गेटवर घाम गाळतात आणि खात्री नसेल तर बाण सोडतच नाहीत. हे भावाला जरूर विचारा.

दुसरं म्हणजे शिकारीचं कंपाउंड मुद्दाम आखूड असतं, दोन चाकांच्या आसांमध्ये साधारण ३० ते ३३ इंच. झाडावरच्या मचाणात ते सोयीचं. स्पर्धेचं ३७ ते ४० इंच लांब असतं, ते हातात स्थिर राहतं. शिवाय स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे पूर्ण ७० वर लावलेलं तिथे चालणारही नाही. कंपाउंडची ओढ, म्हणजे दोरी किती मागे येते ती लांबी, मालकाच्या मापाला बसवलेली असते. भावाचं धनुष्य म्हणजे भावाच्या मापाची चप्पल. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोजा, अडीचने भागा, तुमचं माप साधारण कळेल.

माझं मत विचाराल तर २५ इंची रायझरचं (मधला मुठीचा भाग), सुटे होणारे लिंब (वरचे-खालचे वाकणारे भाग) असलेलं रिकर्व्ह घ्या. २२-२४ पौंडांपासून सुरू करा, पुढे फक्त लिंब बदला. बाण मात्र पौंडांप्रमाणे योग्य स्पाइनचेच (म्हणजे योग्य ताठपणाचे). पैसे कमी असतील तर इंडियन राउंड या देशी प्रकाराचं बांबूचं धनुष्य मुळीच कमी नाही. त्यात ३० आणि ५० मीटरच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. कंपाउंडच हवं असेल तर टार्गेटचं, पौंड कमी-जास्त करता येणारं. २०२३ला बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी १७व्या वर्षी जगज्जेती झाली, ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५०पैकी १५० मारले. दोघंही साताऱ्यात सराव करून गेलेली. ५० मीटरवर ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात एकामागून एक १५ बाण! हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते.

आणि घरी कुणाला रिकामी दोरी ओढून सोडू देऊ नका. बाण नसताना सोडली की सगळा जोर धनुष्यावर येतो, लिंब तडकतात. आपल्या दमट हवेत दोरीला मेण लावत राहा. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत धनुष्य ठेवू नका.

सत्तरीकर
देव बरें करूं, ताई. भावाला आणू नको म्हणून कळवलं. हात मोजले, १७२ सेंटिमीटर, म्हणजे ओढ २७ इंचांच्या आसपास. सोमवारी कृषी कार्यालयात जातोय. एक राहिलं. मी उजव्या हाताचा, पण सर म्हणतात डावा डोळा प्रबळ आहे, म्हणजे नेम धरताना तोच पुढाकार घेतो. मग धनुष्य कुठल्या हाताचं?

फोंड्याची तिरंदाज
बरं झालं आत्ताच विचारलंत. आधी खात्री करा. दोन्ही तळहातांची छोटी खिडकी करून लांबचं माडाचं शेंडं दोन्ही डोळ्यांनी बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला शेंडं दिसत राहतं तो प्रबळ. डावाच निघाला तर विकत घेण्याआधी एक-दोन रविवार क्लबचं डाव्या हाताचं धनुष्य, म्हणजे उजव्या हातात धरून डाव्याने ओढायचं, वापरून बघा. तुमची सुरुवातच आहे, हात वळेल. तेव्हा टार्गेटचा कागद लावू नका. तीन-चार मीटरवर नुसत्या गादीवर, डोळे मिटून सोडा. सर शेजारी उभे असतील तेव्हाच.