चर्चा : कर्करोगाचा ‘जनुकीय स्कोअर’ हेल्थ चेकअपमध्ये विकावा का?

वैनगंगा : लाळेच्या नमुन्यावरून स्तनाच्या कर्करोगाची जोखीम सांगणाऱ्या चाचण्या आता चेकअपच्या पॅकेजमध्ये मिळतात. माझा याला स्पष्ट विरोध आहे. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ची तपासणी वेगळी. त्या जनुकांत दोष असेल तर वयाच्या ऐंशीपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. आई-मावशीला कमी वयात झाला असेल तर ती तपासणी जरूर करावी. पॅकेजमधला पॉलिजेनिक स्कोअर मात्र डीएनएमधल्या शेकडो बारीक फरकांची बेरीज, एकेकाचा परिणाम अगदी थोडा. २०१९ चा ३१३ फरकांचा स्कोअर घ्या. कर्करोग झालेली एक आणि न झालेली एक अशा जोडीत आजारी बाईचा स्कोअर जास्त निघण्याची शक्यता ६३ टक्के. नाणं उडवलं तरी ५० असते! तेही युरोपीय वंशाच्या बायकांत. चंद्रपूरच्या बाईला हा आकडा कशाच्या जोरावर द्यायचा?

कातळशिल्प : असहमत. टोकाच्या बायकांकडे बघा. त्याच अभ्यासात सर्वांत वरच्या १ टक्क्यातल्या बायकांची आयुष्यभराची जोखीम सुमारे ३३ टक्के आहे. बीआरसीएसारखे आनुवंशिक दोष ५ ते १० टक्के रुग्णांतच सापडतात, मग बाकीच्या कोणाच्या नजरेत येणार? युरोपीय आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत, मान्य. म्हणून तर आपले नमुने हवेत. एमवायबीपीसी३ जनुकातला डीएनएच्या २५ अक्षरांचा तुकडा दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत गळालेला असतो आणि त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो. २००९ मध्ये हे पुढे आलं ते इथल्या लोकांचे नमुने तपासले म्हणून. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जीनोम वाचलेत, ते वापरायला नकोत का?

शेवंता : विम्याचं काय? २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘जनुकीय आजार’ या सरसकट सबबीखाली आरोग्यविमा नाकारणं भेदभाव ठरवलं, पण अमेरिकेत २००८ मध्ये झाला तसा जनुकीय भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. तिथलाही जीवनविम्याला लागू नाहीच. मुलींच्या लग्नाच्या वेळी हे कागद कोणाच्या हाती पडतील याची मला जास्त काळजी वाटते.

वैनगंगा : @कातळशिल्प, संशोधनाला माझा विरोध नाहीच, विक्रीला आहे. ‘जोखीम कमी’ असं छापून आलं की गाठ हाताला लागूनही बाई दाखवायला जाणार नाही, ही माझी खरी भीती. टाटा मेमोरियलचा मुंबईतला प्रयोग आठवा. १९९८ पासून दीड लाख बायका, त्यांतल्या निम्म्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, हातांनी तपासणी केली. वीस वर्षांनी पाहिलं तर पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पैसा तिथे घाला.

कातळशिल्प : पण पन्नाशीच्या आत मृत्यू घटल्याचं त्या प्रयोगात दिसलं नाही, आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य बायकांपेक्षा लवकर गाठतो. चाळिशीतल्या कोणाला आधी बोलवायचं, हे कशावरून ठरवणार?

वैनगंगा : प्रश्न रास्त आहे. मग स्कोअरची परीक्षा इथल्याच चाळिशीतल्या बायकांवर, फुकट आणि त्यांच्या लेखी संमतीने घ्या. तोवर पॅकेजमधून तो काढा.